मेद आणि शस्त्र : सत्तर वर्षांची हकीकत

पालघर किनाऱ्यावरचा केळवे-माहीमचा मुलूख मराठी इतिहासवाचकाला ठाऊक असतो तो बहुधा दोन कारणांनी : एक, वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीमुळे. आणि दुसरे, १७३९ च्या जानेवारीत, वसईच्या वेढ्याचा पूर्वरंग म्हणून, मराठ्यांनी माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही ठाणी फिरंग्यांकडून एकामागून एक हस्तगत केली त्या धामधुमीमुळे. बखरींतून आणि दप्तरांतून राज्ये येतात आणि जातात, ठाणी पडतात, साऱ्याची वसुली होते किंवा तहकूब राहते. परंतु रयतेच्या देहाचे वजन किती होते याची नोंद कोणा कारकुनाने ठेवलेली नाही, आणि ठेवण्याचे प्रयोजनही नव्हते. पानमळ्याला पाणी पाजणे, केळीचे घड डोक्यावरून वाहणे, दांड्याच्या खाडीतून होडी लोटणे ही ज्यांची नित्याची कामे होती, त्यांच्या अंगी मेद साचण्यास अवकाशच मिळत नव्हता. ज्या व्याधीची या किनाऱ्यावर नोंदच नव्हती, तिच्यावर शस्त्र चालवून उपाय करणारी विद्या गेल्या सत्तर वर्षांत कशी उदयास आली, कोठे चुकली, कशी सावरली, आणि केळव्याच्या माणसाच्या आवाक्यात कितपत आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मेदोरोग आपल्या वैद्यकाला अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या देहांविषयी आहे, आणि त्यात अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विचार सर्वांत विस्ताराने केला आहे. अतिस्थूलाचे आयुष्य घटते, थोड्या श्रमाने त्यास धाप लागते, क्षुधा आणि तृषा त्याला अनावर होतात, असे सांगून संहिताकार दोघांत कृश बरा असा निर्वाळा देतात. कारण स्थूलावर उपचार करणे त्यांच्या अनुभवाने अधिक कठीण. विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, अतिभोजन, दिवसा निद्रा आणि व्यायामाचा अभाव या कारणांच्या पंक्तीस त्यांनी बीजाचा स्वभावही बसविला आहे, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा त्यांनी कारण म्हणून मान्य केला आहे. सुश्रुताच्या परंपरेत तर उदर फाडून आतड्यातील अडथळा काढण्याचे आणि छिद्राच्या कडा मुंग्यांकडून चाववून जुळविण्याचे शल्यकर्मही वर्णिले आहे. तथापि मेदासाठी उदर उघडावे हा विचार त्या काळी कोणाच्या मनात आला नाही. मेदावर उपाय सांगितला तो आहाराचा, औषधाचा आणि श्रमाचा.

निरोगी दिसणाऱ्या जठरावर वा आतड्यावर केवळ वजन उतरविण्यासाठी शस्त्र चालविण्याचे धाडस विसाव्या शतकाच्या मध्यावर झाले. त्याची पूर्वतयारी एकोणिसाव्या शतकातच झाली होती. १८८१ साली व्हिएन्नाच्या बिलरोथने कर्करोगग्रस्त जठराचा भाग कापून उरलेला भाग आतड्याला यशस्वीपणे जोडला. पुढे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सेझार रू याने आतडे इंग्रजी वाय अक्षराच्या आकृतीत जोडण्याची जी रीत रूढ केली, तिच्यावर त्याचे नाव आजतागायत राहिले आहे. या दोघांचा हेतू कर्करोग, व्रण आणि अडथळे यांपुरता मर्यादित होता. वजन हे साध्य म्हणून पुढे आले ते १९५४ साली, जेव्हा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यविशारदांनी कुत्र्यांवरील प्रयोगांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. लहान आतड्याचा कोणता भाग अन्नरस शोषण्यास किती उपयोगी आहे हे त्यांना पाहावयाचे होते, आणि मोठा भाग वगळला तर वजन घटते हे त्यांच्या प्रत्ययास आले. त्याच १९५४ साली हिंदुस्थानात रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीत धान्याचे रेशनिंग उठले आणि युद्धकाळापासून रांगेत उभ्या असलेल्या लोकांना मोकळ्या बाजारात धान्य मिळू लागले. जगाच्या एका भागात पोट भरण्याची मुभा मिळत असता दुसऱ्या भागात भरलेल्या पोटाची वाट वळविण्याची तजवीज सुरू व्हावी, हा त्या वर्षाचा योगायोग म्हटला पाहिजे.

या पहिल्या पिढीतील शल्यवैद्यांची विचारसरणी बागायतदाराच्या विचारसरणीसारखी होती. वेलीला पाणी अधिक होते आहे असे दिसताच बागायतदार पाट मध्येच फोडून पाणी दुसरीकडे काढून देतो, तद्वत त्यांनी सुमारे वीस फूट लांबीच्या लहान आतड्यापैकी आरंभीचा थोडा आणि अखेरचा त्याहून थोडा भाग जोडून मधला सारा प्रवाहाबाहेर टाकला. लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी १९६९ साली जे माप ठरवून दिले, त्यात आरंभीचे चौदा इंच आणि अखेरचे चार इंच एवढेच आतडे अन्नाच्या वाट्याला राहत असे. वजन उतरले, आणि झपाट्याने उतरले. परंतु त्यामागोमाग अनावर अतिसार, मूतखडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांचा दुष्काळ, आणि कित्येकांच्या बाबतीत यकृताचा संपूर्ण नाश अशी संकटांची मालिका सुरू झाली. वेलीचे पाणी तोडणे सोपे असते. देहाचा पाट तोडला म्हणजे त्याबरोबर लोह, चुना, जीवनसत्त्वे आणि पित्ताचा सारा हिशेब विसकटतो, हे ज्ञान रुग्णांच्या प्राणांचे मोल देऊन मिळाले. पुढील दहा-बारा वर्षांत ही शस्त्रक्रिया टाकून देण्यात आली, आणि ज्यांच्यावर ती झाली होती त्यांपैकी अनेकांचे पोट पुन्हा उघडून आतडी पूर्ववत जोडावी लागली.

दुसरा मार्ग सापडला तो आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या निरीक्षणातून. जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढला जातो त्यांचे वजन उतरते आणि पुन्हा सहसा वाढत नाही, ही गोष्ट सर्वच शल्यवैद्यांच्या डोळ्यांसमोर होती. तिच्यातून सिद्धान्त काढला मेसन यांनी. १९६६ साली त्यांनी जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो सरळ लहान आतड्याला जोडला आणि उरलेले जठर जागच्या जागी, परंतु अन्नाच्या मार्गाबाहेर ठेवले. चिकाशी इटो या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला त्यांचा निबंध दुसऱ्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्या सुमारास केळव्याच्या उत्तरेस तारापूर येथे देशातील पहिल्या अणुविद्युत केंद्राचे बांधकाम चालू होते, आणि देश अमेरिकेहून जहाजांनी येणाऱ्या पी. एल. ४८० च्या गव्हावर दिवस काढीत होता. मेसन यांना शतायुष्य लाभले. १९२० साली जन्मलेले हे गृहस्थ २०२० च्या अखेरीस निवर्तले, तोवर त्यांची शस्त्रक्रिया अनेक रूपे बदलून जगभर पसरली होती.

ही रूपे संक्षेपाने सांगितली पाहिजेत, कारण आजच्या रुग्णापुढे जे पर्याय मांडले जातात ते याच इतिहासाचे निरनिराळे थर आहेत. १९७७ साली ग्रिफेन यांनी मेसन यांच्या कप्प्याला रू यांची वाय जोडणी दिली आणि पित्त उलटून येण्याचा उपद्रव थांबविला. हाच आजचा गॅस्ट्रिक बायपास. इटलीतील जेनोव्हा येथील निकोला स्कोपिनारो यांनी जठर लहान करणे आणि पित्त व स्वादुपिंडरस यांना दूर वळविणे या दोहोंचा संयोग केला. वजन सर्वांत अधिक उतरते ते या पद्धतीने, आणि कुपोषणाचा धोकाही सर्वांत मोठा तिच्यातच. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा आवळून, त्वचेखालच्या कुपीतून तो सैल-घट्ट करण्याची युक्ती कुझमाक यांनी १९८६ च्या सुमारास काढली. कापाकापी नसल्याने ती काही काळ फार लोकप्रिय झाली, परंतु पट्टे सरकू लागले, जठरात रुतू लागले, आणि वजनही परतू लागले, तेव्हा तिचे दिवस भरले. १९९७ पासून रटलेज यांनी एकाच जोडणीचा सोपा बायपास सुरू केला, तो भारतात आज पुष्कळ केला जातो. आणि अतिस्थूल रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया एका बैठकीत सोसणार नाही म्हणून तिचा जो पहिला टप्पा तेवढा उरकून घ्यावा असे ठरले, तोच, म्हणजे जठराची अरुंद नळी करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया, अनेकांना पुरेसा ठरून स्वतंत्र उपचार बनला, आणि आज जगात सर्वाधिक केला जातो.

या सर्व शस्त्रक्रियांच्या इतिहासाला खरी कलाटणी मिळाली ती शस्त्रापेक्षा अर्थाच्या बाबतीत. १९९५ साली उत्तर कॅरोलायनातील वॉल्टर पोरिस यांनी आपल्या बायपासच्या रुग्णांचा चौदा वर्षांचा लेखाजोखा मांडला. त्यांतील १४६ मधुमेही रुग्णांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा पूर्ववत झाली होती, आणि तीही पुष्कळदा वजन उतरण्याच्या आधीच, शस्त्रक्रियेनंतर अवघ्या काही दिवसांत. केवळ कमी खाल्ल्याने असे घडणे शक्य नव्हते. १९९९ साली जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी जठरातून स्रवणारे घ्रेलिन नावाचे क्षुधावर्धक संप्रेरक शोधून काढले, आणि त्याचे मुख्य उगमस्थान म्हणजे जठराचा वरचा फुगीर भाग, जो स्लीव्ह शस्त्रक्रियेत कापून काढला जातो. आतड्याच्या खालच्या भागातून जीएलपी-१ सारखी तृप्तीची संप्रेरके स्रवतात आणि बायपासनंतर त्यांचे प्रमाण वाढते, हेही उघड झाले. तात्पर्य, क्षुधेचा हुकूम मेंदू सोडतो खरा, परंतु त्यासाठी लागणारी वर्दी जठर आणि आतडी पुरवितात. आणि ज्याच्या देहात ही वर्दीच विपरीत येते, त्याला मनोनिग्रहाचा उपदेश करणे व्यर्थ आहे. अतिस्थूल माणसावर शतकानुशतके ठेवलेला खादाडपणाचा आरोप या एका शोधाने बव्हंशी निराधार ठरला. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासाने २००७ साली आणखी एक दाखला पुढे ठेवला : शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा सुमारे चतुर्थांशाने कमी होते.

महाराष्ट्रात या विद्येचा मार्ग दुर्बिणीने मोकळा केला. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढून दाखविले, आणि पोट न फाडता पोटात काम करता येते हा विश्वास येथील शल्यवैद्यांना आला. १९९४ साली अमेरिकेतील विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी बायपासही दुर्बिणीने होऊ शकतो असे प्रसिद्ध केले. अतिस्थूल देहावर मोठा छेद घेणे म्हणजे जखम चिघळण्याला आणि हर्नियाला आमंत्रण असे. ते संकट टळल्यावर मुंबई-पुण्यात या शस्त्रक्रिया वाढत गेल्या. २००२ साली या शाखेच्या शल्यवैद्यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. २०११ साली भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि तिच्याविषयी ते जाहीरपणे बोलतही आले. त्यामुळे जी गोष्ट घरोघरी लाजेकाजेने झाकून ठेवली जात होती तिला चारचौघांत उच्चार मिळाला.

दरम्यान पालघरचा किनाराही बदलला होता. तारापूरचे केंद्र १९६९ साली सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वसली, वाडीत राबणारी पिढी पाळीच्या नोकरीत शिरली. आणि २०१३ साली चर्चगेटहून डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागल्यावर केळवे रोडचा माणूस पहाटेची गाडी पकडून रात्री घरी परतू लागला. शनिवार-रविवारी केळव्याच्या सुरूच्या बनात मुंबईकरांची झुंबड उडते, आणि वडापाव, भजी व शीतपेये यांच्या टपऱ्या पूर्वी नव्हत्या तेथे उभ्या राहतात. परंतु केवळ बैठी नोकरी आणि तळलेले पदार्थ यांवर वाढत्या मेदाचा सारा ठपका ठेवला तर याच जिल्ह्याची दुसरी बाजू दृष्टीआड होईल. १९९२ साली, पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा होण्यापूर्वी, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि रोगाने दगावली. हा डोंगर आणि तो किनारा एकाच जिल्ह्यात मोडतात. आणि भूक व मेद या दोहोंचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे, हे सिद्ध केले ते महाराष्ट्रातीलच एका वैद्याने.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा आणि अर्भकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो; परंतु आपल्या बालकाचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान असले तरी मेद मात्र त्या मानाने राखलेला. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी यडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले : दोघांचाही देहभारांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) २२.३, परंतु यडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशा या देहाला पुढे अन्न विपुल मिळू लागले म्हणजे तो मेद पोटात साठवितो आणि मधुमेहाकडे झुकतो. म्हणून २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी मोजमाप निराळे ठरविले. अमेरिकेतील १९९१ च्या संमेलनाने शस्त्रक्रियेसाठी देहभारांक ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ ही मर्यादा घातली होती. आपल्याकडे ती ३७.५ आणि ३२.५ अशी खाली आणली गेली. पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ ९६ किलो, आणि मधुमेहादी व्याधी जडलेली असल्यास ८३ किलो.

पालघर जिल्ह्याचे नाव या इतिहासात एकदा ठळकपणे आले. वसईची एक महिला, जिचे वजन ३०० किलोपर्यंत गेले होते आणि जी कित्येक वर्षे घराबाहेर पडू शकली नव्हती, तिला २०१५ साली मुंबईच्या लीलावती रुग्णालयात आणण्यात आले. डॉ. शशांक शहा यांनी तिच्यावर प्रथम स्लीव्ह आणि दोन वर्षांनी बायपास अशा दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया केली, आणि सुमारे चार वर्षांत तिचे वजन ८६ किलोवर आले. याउलट २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून मालवाहू विमानाने आणि शेवटी क्रेनने उचलून ज्या तरुणीला चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात आणले, तिची हकीकत दुःखान्त झाली. डॉ. मुफझ्झल लकडावाला यांनी ७ मार्चला तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया केली, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलविण्यात आले, आणि तेथे सप्टेंबरात तिचा अंत झाला. वृत्तपत्रांनी या दोन्ही घटनांना जत्रेचे स्वरूप दिले. त्यामुळे सामान्य वाचकाची समजूत अशी झाली की ही शस्त्रक्रिया केवळ राक्षसी वजनाच्या माणसांसाठी आहे. वस्तुतः तिचा खरा लाभार्थी शंभर किलोच्या आसपासचा, मधुमेह आणि रक्तदाब यांनी जर्जर झालेला चाळिशीतला गृहस्थ किंवा गृहिणी हाच आहे.

शस्त्रक्रिया कशी होते, हेही जवळून पाहण्यासारखे आहे. स्लीव्हसाठी पोटावर बोटाच्या पेराएवढे चार-पाच छेद घेतात, कर्बवायू भरून पोट फुगवितात आणि दुर्बीण आत सोडतात. तोंडावाटे जठरात एक जाड नळी उतरवितात, आणि तिच्या कडेकडेने स्टेपलर चालवीत जातात. ते यंत्र एकाच दाबात कापतेही आणि टायटॅनियमच्या सूक्ष्म टाचण्यांच्या रांगांनी शिवतेही. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग सुटतो आणि एका छेदातून बाहेर ओढला जातो. आत राहते ती अरुंद नळी. मग निळा द्रव सोडून कोठे गळती तर नाही ना याची खातरजमा करतात. दीड-दोन तासांत हे आटोपते, आणि रुग्ण त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी वॉर्डात चालू लागतो. अनुभवी हातांत मृत्यूचा धोका हजारी एक ते तीन इतका अल्प आहे. परंतु गळती, रक्तस्राव आणि पुढे आम्लपित्ताचा त्रास संभवतो. ज्याला आधीपासूनच तीव्र आम्लपित्त आहे किंवा ज्याचा मधुमेह जुना आहे, त्याला बहुधा बायपास सुचविला जातो.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य मात्र तासांत आटोपत नाही. आरंभीचे दिवस औषधाच्या टोपणाने मोजून पाणी, ताक, वरणाचे निवळ घ्यायचे. पुढे मऊ भात, मग मासा, अंडे, डाळ. लग्नाच्या पंगतीत चार घासांवर हात थांबतो, आणि शेजारचा आग्रह करतो. केस गळतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात, बी-१२, लोह आणि चुना यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि रक्ताची तपासणी वर्षानुवर्षे करावी लागते. ज्याने या नियमांचा भंग केला त्याचे वजन काही वर्षांत परतू शकते. केळव्याहून मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करून येणे लोकलमुळे सुकर झाले. पण तपासणीच्या प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो, आणि म्हणून खेपा टळत जातात, हीच येथील खरी अडचण आहे.

अलीकडे दोन गोष्टी घडल्या आहेत. २०१९ साली विमा नियामकाने अशी तरतूद केली की वैद्यकीय सल्ला, प्रौढ वय, आणि देहभारांक ४०, किंवा गंभीर सहव्याधींसह ३५, या अटी पुऱ्या होत असतील तर लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीला सरसकट नाकारता येऊ नये. मात्र ती मापे पाश्चात्त्यच राहिली आणि भारतीय देहासाठी ठरविलेली मर्यादा कागदावर राहिली. दुसरी गोष्ट अशी की, २०२५ साली टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन उतरविणारी टोचण्याची औषधे भारताच्या बाजारात आली. ज्या संप्रेरकांचा शोध शस्त्रक्रियेच्या निमित्ताने पुढे गेला त्यांचीच ही अनुकरणे आहेत. त्यांनी वजन पंधरा ते वीस टक्के उतरते, शस्त्रक्रियेने पंचवीस ते तीस. औषध थांबविले की वजन बहुधा परत येते.

या सत्तर वर्षांच्या हकीकतीवरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. अतिमेद ही व्याधी आहे, अपराध नव्हे. शस्त्रक्रिया तिच्यावरील सर्वांत प्रभावी उपाय आहे, परंतु तो उपाय शेवटच्या टाक्याशी संपत नाही. म्हणून पालघरच्या जिल्हा आरोग्य व्यवस्थेकडे मागणे करावयाचे ते शस्त्रक्रियागृहाचे नव्हे. मुंबईत शस्त्रक्रिया करून आलेल्या रुग्णाचे रक्त पालघरला किंवा बोईसरलाच तपासले जाईल, त्याच्या गोळ्या तेथेच मिळतील आणि आहाराचा सल्ला त्याच्या बोलीत दिला जाईल, एवढी सोय आधी झाली पाहिजे. आणि ज्याचा देहभारांक मर्यादेपलीकडे आहे त्या वाचकाने, लाज बाजूस ठेवून, एकदा तज्ज्ञ शल्यवैद्याकडे अवश्य जावे. शस्त्रक्रिया करावी की नाही हे त्या भेटीनंतर ठरवावे.